एका दमात तीन नावं

मिरचीचा हंगाम सुरू झाला की पहिल्या दिवशी कोटय्या मुकादम आम्हा बायकांना कोल्ड स्टोअरच्या चढणीवर चढवायचा. डोक्यावर मिरचीची टोपली, तिसऱ्या मजल्यापर्यंत फळ्यांची चढण, आणि वर पोचल्याबरोबर, टोपली न उतरवता, एका दमात तीन नावं सांगायची. आपलं, नवऱ्याचं आणि सासऱ्याचं. मध्ये श्वास घेतला की ती बाई घरी.

आमच्या वस्तीतली बाई एरवी नवऱ्याचं नाव घेत नाही. भांडणातसुद्धा ‘पोरीचा बाप’ म्हणते. तिथे मात्र ते ओरडून सांगावं लागायचं, कारण कोटय्या खाली वजनकाट्याजवळ बसलेला असायचा आणि त्याला ऐकू गेलं पाहिजे. हमाल खालून हसायचे. ‘याकोबू, बायको बोलावतीय बघ रं!’ असं काहीतरी. माझा नवरा सामुयेलू जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मलाही त्याचं नाव घ्यावं लागायचं. ‘मेलेल्याला कशाला उठवती रूतम्मा, झोपू दे की,’ असं एकदा एक हमाल म्हणाला. मी वरून त्याच्या अंगावर फटक्या, रंग उडालेल्या मिरच्यांचं सूप रिकामं केलं. तेव्हापासून माझ्या वेळी कोणी हसत नाही.

ही रीत कोटय्याने उगाच काढली नव्हती. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावची एक बाई काम करता करता धाप लागून ढिगावरच गेली. मालकाला पोलिसांपुढे उभं राहावं लागलं. तेव्हापासून दमेकरी बाई आत घ्यायची नाही असा हुकूम होता. हुकूम काढणं सोपं. गुंटूरच्या मिरचीत बसून देठं खुडणारी, न खोकणारी बाई आणायची कुठून? म्हणून ही चढण.

आणि आम्ही बसायचो जोडीने. एका ढिगाच्या दोन बाजूंना दोघी. एकीने देठ खुडायचे, दुसरीने फटकी मिरची वेगळी काढून बाकीची चाळायची. हात दुखला की बदलायचं. जोडी फुटली तर दोघींनाही घरी पाठवायचे, कारण हंगामाच्या मध्ये एकटीशी जुळवून घ्यायला दुसरी मिळत नाही. माझी जोडी माझ्या धाकट्या जावेशी होती. सुवार्ता तिचं नाव. हे जोडीचं मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते कोणासाठी केलं हे लपून राहायला नको.

सुवार्ता सव्वीस वर्षांची, हाताची चपळ, अंगाने काडी. तिला दमा होता. लग्नाच्या वेळी तो तिच्या आईने लपवला होता. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत कळला, तेव्हा माझ्या दिराने, प्रभुदासूने, तिला माहेरी नेऊन सोडलं. आठ महिन्यांनी चर्चमधल्या थोरल्या मंडळींनी मध्ये पडून परत आणली. आता तिला पाच वर्षांची मुलगी होती, पण प्रभुदासूचं बोलणं बदललं नव्हतं. तो लॉरीवर क्लीनर होता. पंधरा दिवसांनी यायचा आणि जेवताना म्हणायचा, ‘कामाला जातीस तवर हाय. बसून खायाला लागलीस तर पोरगी हितं, तू तिकडं.’

घरात दम्याची दुसरी बाई होती ती आमची सासू वज्रम्मा. तिची कथा तिच्या छातीवरच लिहिलेली होती. दोन्ही बाजूंना तीन-तीन डाग. लहानपणी तिला हळकुंड पेटवून डागलं होतं. तिने वटवाघळाचं मांस खाल्लं होतं. मृग लागला की तळ्यावर जाऊन तोंडात औषध भरलेला जिवंत मासा गिळला होता, तोही सलग तीन वर्षं. मग पुड्यावाल्या डॉक्टरच्या पांढऱ्या गोळ्या आल्या. त्या गोळ्यांनी तिचं तोंड भाकरीएवढं झालं आणि सगळे म्हणाले, वज्रम्मा सुधारली. पुढे पाण्याची कळशी उचलताना तिच्या पाठीचा मणका मोडला. आता ती अंगणातल्या खाटेवर वाकून बसायची आणि तिच्या छातीची शिट्टी रस्त्यापर्यंत ऐकू यायची.

नाताळानंतर सुवार्ता निळी पडली, तेव्हा मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईंनी तिला मुठीत मावेल एवढं प्लॅस्टिकचं मशीन दिलं आणि कॅप्सूलची बाटली दिली. तीनदा करून दाखवलं. कॅप्सूल भोकात ठेवायची, झाकण दाबायचं, टक् आवाज येतो. मग तोंडात धरून जोरात ओढायचं. कॅप्सूल आत भिरभिरते, घर्र वाजते. ‘वाजली म्हणजे पोचली,’ नर्सबाई म्हणाल्या. ‘सकाळी एक, संध्याकाळी एक. बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही.’

पंधरा दिवसांत ती पोर जिने चढायला लागली. खोटं सांगत नाही. सकाळी अंधारात टक् व्हायचं, घर्र व्हायचं आणि त्यानंतर सुवार्ता उठून गाणं म्हणत अंगण झाडायची. खाटेवरून सासू म्हणायची, ‘मला तापल्या हळकुंडानं डागलं आन् हिला खुळखुळा दिला. काय नशीब एकेकीचं!’ तिचा मत्सर मला दिसायचा. मी नुसती हसायची.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सुवार्ताने मशीन ओढलं आणि चढण चढली. वर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘सुवार्ता, प्रभुदासू, दानय्या!’ कोटय्याने मान वर करून बघितलं. ‘गेल्या साली तर कोंबडीसारखी घरघरत कशीबशी नावं सांगितलीस. काय खाल्लंस गं?’

‘प्रार्थना केली,’ सुवार्ता म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या.

चौथ्या दिवशी फाटकावर झडती सुरू झाली. मिरची चोरतात म्हणून, असं निमित्त. एका म्हाताऱ्या बाईच्या डब्याच्या पिशवीत मशीन सापडलं. कोटय्याने ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. तो वाईट माणूस नव्हता, आवाजही चढवला नाही. ‘आजी, मला मालकाला तोंड द्यायचं हाय. उद्यापासून येऊ नगंस.’ ती म्हातारी आणि तिची जोडीदार, दोघीही तशाच उन्हातून परत चालत गेल्या. रिक्षा संध्याकाळीच यायची.

सुवार्ताचं मशीन त्या वेळी तिच्या पोलक्यात होतं. झडतीवाल्या बाईने वरवर हात फिरवला म्हणून वाचलं. ढिगाशी बसल्यावर तिने पोलकं चाचपून बघितलं. तोंडाला बांधलेल्या फडक्यातून ती म्हणाली, ‘अक्का, उद्या सापडलं तर?’

‘उद्या आणायचंच न्हाई.’

‘पहाटं रिक्षा येती तवा घाईत एक ओढून निघते, पर दुपारी धूळ उठली की कोंडतंय. जवळ असलं म्हंजी बरं वाटतं.’

मी विचार केला. मला विचार करता येतो असं सगळ्या वस्तीत मानत होते, मी पाचवीपर्यंत शिकलेली. मी म्हटलं, ‘अगं, मशीन नगं आणूस. कॅप्सूल आण. पानाच्या पिशवीत टाक. कोन इचारलं तर तापाची हाय म्हणायचं. पाण्यासंगं गिळायची.’

‘गिळून चालंल?’

‘कॅप्सूल गिळायचीच असती की. त्याच्यासाठीच तसली करत्यात. मशीन काय, सरकारी खेळ. तोंडातनं गेली काय अन् मशीनातनं गेली काय, आत तर जातीच ना?’

हे माझं बोलणं. शब्द न् शब्द माझा.

तिने दुपारी पाण्याबरोबर गिळली. ‘वाटलं का बरं?’ मी विचारलं. तिने थोडं थांबून मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता, म्हणून तिला बरं वाटलं. दोन-चार दिवसांनी पहाटेचं मशीनही सुटलं. तीनला उठायचं, भात शिजवायचा, अंबाडीची चटणी आणि शिळं उरलेलं डब्यात भरायचं, पोरगी सासूजवळ सरकवायची, रिक्षा गाठायची. गिळायला किती वेळ लागतो? मशीन मी फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डेऱ्यात खाली घातलं, म्हणजे प्रभुदासूच्या नजरेला पडायला नको.

आठवडाभराने सासूने विचारलं, ‘तो खुळखुळा का वाजत न्हाई गं?’

‘आता गिळती ती कॅप्सूल,’ मी म्हटलं.

‘दाव मला.’

सुवार्ताने बाटली दिली. सासूने एक कॅप्सूल घेऊन दोन बोटांनी उघडली, तळहातावर आतली चिमूटभर भुकटी पडली. नखावर मावेल एवढी. तिने ती जिभेला लावून बघितली. मग म्हणाली, ‘गिळायची हाय तर त्या बाईनं मशीन कशाला दिलं?’

मला राग आला. दिवसभर मिरचीत बसून हाताची आग होत होती, आणि ही खाटेवर बसून शहाणपण सांगणार. मी म्हटलं, ‘आत्याबाई, तुम्ही धोतऱ्याच्या पानाची विडी ओढून दमा घालवनाऱ्या. तुमास्नी ह्यातलं काय कळतंय?’

‘विडीच ओढत व्हते मी,’ सासू म्हणाली. ‘गिळत नव्हते. मासा गिळला त्यो पोटात गेला. पुड्या गिळल्या त्या तोंडावर आल्या. छातीला लागली ती विडीच. घटकाभर का हुईना, लागली.’

‘मग द्या हिला विडी!’ मी म्हटलं आणि हसले. सुवार्ताही हसली. तिचं हसता हसता खोकणं सुरू झालं आणि बराच वेळ थांबलं नाही. सासूने बाटली झाकण लावून परत दिली आणि तोंड फिरवलं. तिच्यावर ओरडायची सवय होती आम्हाला. तिचं ऐकायची नव्हती.

मार्चच्या अखेरीला ऊन पेटलं. स्टोअरच्या पत्र्याखाली दुपारी श्वास घेतला की घसा सोलून निघायचा. आतून थंड पोती बाहेर काढत, ती फोडली की लाल धूर उठायचा. सुवार्ता खांदे वर करून बसायची, दोन मिरच्या खुडायची, थांबायची. मी तिच्या वाटणीचं माझ्याकडे ओढायची आणि वर बोलायचीही, ‘हात चालव की गं, तो बघतोय.’ शेवटी मीच तिला पुड्यावाल्या डॉक्टरकडे नेलं. तोच, सासूचा. आता म्हातारा झाला होता, पण गोळ्या त्याच पांढऱ्या, कागदात बांधलेल्या. तीन दिवसांत तिची धाप बसली. पंधरा दिवसांत गाल भरले.

‘अंग धरलंस की गं!’ कोटय्या म्हणाला. वस्तीतल्या बायका म्हणाल्या. प्रभुदासू आला तोही खूष झाला, बायकोसाठी बांगड्या घेऊन आला. मी म्हटलं, कॅप्सूल लागू पडली. पुड्यांचं श्रेयही मी कॅप्सूललाच दिलं, कारण ती माझी युक्ती होती.

फक्त सासूने तिला खाटेजवळ बोलावलं आणि तिचे गाल चिमटीत धरून बघितले. ‘ही माझी सूज हाय,’ ती म्हणाली. ‘वळखीची हाय मला. सुवार्ता, पुड्या हळूहळू सोड आन् त्यो खुळखुळा काढ.’

‘हंगाम संपला की काढते, आत्याबाई.’

हंगाम संपायला तीन आठवडे होते. पुड्यावाला डॉक्टर मुलीच्या लग्नाला राजमंड्रीला गेला आणि आठवडाभर त्याचं दार बंद राहिलं. सुवार्ताच्या पुड्या संपल्या होत्या.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, साडेअकराच्या सुमाराला सुवार्ताच्या हातातलं सूप पडलं. मी मान वर केली. तिने फडकं तोंडावरून ओढून काढलं होतं आणि दोन्ही हात जमिनीला टेकून ती पुढे वाकली होती. आवाज येत नव्हता. शिट्टीसुद्धा नाही. तेच मला भयंकर वाटलं. सासूची छाती वाजते म्हणजे वारा जातो-येतो. हिची गप्प होती.

मी काय केलं? पानाच्या पिशवीतून बाटली काढली आणि तिच्या तोंडात कॅप्सूल घातली. पाणी ओतलं. पाणी हनुवटीवरून खाली गेलं. मी आणखी एक घातली. ती मान हलवत होती, नको, नको, आणि मी तिचा जबडा धरून म्हणत होते, ‘गिळ! गिळ गं, गिळ!’ दोन्ही कॅप्सूल तिच्या ओल्या ओठांना चिकटून राहिल्या.

कोटय्या धावत आला. त्याने बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, ‘फाटकाबाहेर न्या. आधी फाटकाबाहेर.’ चार हमालांनी तिला मिरचीच्या गोणपाटावर घालून उचललं. तेच हमाल, चढणीखाली हसणारे. त्यातला एक रडत होता. फाटकाबाहेर लिंबाखाली ठेवलं, रिक्षा येईपर्यंत. गोणपाटाला मिरचीची पूड होती. तिच्या उघड्या डोळ्यांत ती गेली, पण तिने डोळे मिटले नाहीत.

दवाखान्यात पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी नळी घातली, छाती दाबली. बऱ्याच वेळाने त्याच नर्सबाई बाहेर आल्या. त्यांनी सुवार्ताला ओळखलं होतं.

‘औषध बंद केलं होतं का?’

‘न्हाई बाई,’ मी म्हटलं. बाटली पुढे केली. ‘रोज दोन. एक दिवस चुकली न्हाई.’

‘मशीनमधूनच घेत होती ना?’

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. दारात प्रभुदासूचा मित्र उभा होता, कोटय्या उभा होता, वस्तीतल्या दोघी होत्या. मी म्हटलं, ‘व्हय. मशीनातनंच.’

नर्सबाई बाटलीकडे बघत राहिल्या. ‘मग असं व्हायला नको होतं,’ त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बातमी वस्तीत माझ्या आधी पोचली. सुवार्ता मशीन न चुकता ओढत होती आणि तरी मेली. नाही, मशीन ओढत होती म्हणूनच मेली. चर्चच्या पाळकांच्या आईकडे तसलंच मशीन होतं, पाळकांनी स्वतः ते विहिरीत टाकलं. शाळेच्या मागे राहणाऱ्या पोराच्या आईने त्याचं मशीन चुलीत घातलं. मी मातीला आलेल्या माणसांना पाणी देत होते आणि हे सगळं ऐकत होते. तोंड उघडायला मला कोणी अडवलं नव्हतं.

प्रभुदासूने तिसऱ्या दिवशी बांगड्या परत नेल्या. पोरगी दारात बसून विचारत होती, आई रिक्षातून उतरली का.

रविवारी प्रार्थनेहून सगळे परतले. दुपार होती. सासू खाटेवरून म्हणाली, ‘रूतम्मा, डेऱ्यातलं मशीन आण.’

‘कसलं मशीन?’

‘तू तांदूळ काढायला गेलीस की डेऱ्यात हात किती खोल जातोय ते मला हितनं दिसतंय. आण.’

मी आणलं. फडक्यातून काढलं तर कोरं करकरीत, एका कडेला तांदळाची भुकटी लागलेली. सासूने ते पदराने पुसलं. बाटलीतून एक कॅप्सूल काढली. तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण पंधरा-वीस दिवस पहाटे खाटेवरून ती ऐकत होती, बघत होती. भोकात ठेवली. झाकण दाबलं. टक्. मग डोळे मिटून, पूर्वी विडी धरायची तसं ओठात धरून तिने ओढलं.

घर्र वाजलं.

पोरगी आतून धावत आली. ‘आई!’ म्हणाली आणि आजीला बघून उंबऱ्यात थांबली.

सासूने श्वास धरला, सोडला, पुन्हा ओढलं. आम्ही तिघी तशाच होतो. मी डेऱ्याचं झाकण हातात धरून उभी. हळूहळू, चहाला उकळी येईल एवढ्या वेळात, तिच्या छातीतली शिट्टी बारीक झाली. मग थांबली. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ती शिट्टी ऐकत होते. तिच्यावाचून अंगण मला परकं वाटलं. सासू थोडी ताठ बसली, तिने पुन्हा एकदा छाती भरून श्वास घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पन्नास वर्षांचे डाग, मासे, वटवाघळं, पुड्या.

‘येवढंच व्हतं व्हय?’ ती म्हणाली. ‘येवढंच?’

मी झाकण या हातातून त्या हातात घेतलं.

‘त्या बाईनं इचारलं तवा तू काय सांगितलंस, ते मला कळलंय. आता घराघरात जा, रूतम्मा. पाळकाच्या घरी जा. त्या शाळेमागच्या पोराच्या घरी जा आन् सांग. आजच्या आज.’

‘सांगते,’ मी म्हटलं.

त्या दिवशी पोरीला न्हाऊ घालायचं होतं. मग भांडी होती. मग दिवेलागण झाली. पाळकांच्या घराचं दार उघडं होतं, त्यांची आई ओट्यावर खांदे वर करून बसली होती, आणि मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने पाणी घेऊन आले.

सोमवारी पहाटे रिक्षाचा भोंगा वाजला. कोटय्याने माझी जोडी फुटली तरी मला घरी पाठवलं नाही. त्याला माझी दया आली होती. पल्याडच्या वस्तीतली एक नवी पोर आणली होती, विशीची. जोडी नवी म्हणून रीत पुन्हा. मी सूप उचलून घरातून निघाले तेव्हा मागे खाटेवरून टक् असा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

आधी ती पोर चढली. मग मी. तिसऱ्या मजल्यावर, टोपली डोक्यावर तशीच ठेवून, मी ओरडले, ‘रूतम्मा, सामुयेलू, दानय्या!’

कोणी हसलं नाही. खालून कोटय्या म्हणाला, ‘शाब्बास. तुझा दम पक्का हाय, रूतम्मा.’